मानशीची फळी

डॉक्टर रेबेलोंनी पेन्सिलीने कागदावर
एक उलटा तांब्या काढला, आणि त्याच्या गळ्याशी
एक सुपारी. म्हणाले, ही वाढलीय.
सुपारी मला कळते. विचारलं, केवढी?
ते हसले. झोपताना एक, असं लिहून
पुढच्या माणसाला हाक मारली.

तेव्हा मी रात्रीत पाच वेळा उठायचो,
काळोखात पायांनी चप्पल चाचपत,
न्हाणीच्या भिंतीला हात टेकून
एका थेंबाची वाट बघत.
एकोणतीस वर्षं कुंभारजुव्याच्या खाडीवर
मानस सांभाळली मी.
ओहोटीला फळी आपोआप उघडते,
भरतीला आपोआप मिटते,
पाणी कुणाकडून मनधरणी करून घेत नाही.
आणि इथे मी, मध्यरात्री,
स्वतःच्याच पाण्याला ये रे बाबा म्हणत.

गोळीने आठ दिवसांत काम केलं, खोटं कशाला बोलू.
एकदाच उठू लागलो.
सकाळी झटकन उभं राहिलं तर गरगरायचं, तेवढंच.
सुलक्षा म्हणाली, तुमच्यामुळे मलाही झोप लागते हल्ली.

मग शिगमा सरल्यावरची एक रात्र.
सगळं जसं व्हायचं तसं झालं,
श्वास चढला, पोटऱ्या ताठल्या,
आणि शेवटी
काहीच नाही. चादर कोरडी.
मानशीच्या तोंडाशी लावलेलं जाळं ओढावं,
हाताला ओझं लागावं,
वर काढून बघावं तर एक कोळंबीसुद्धा नाही.

दिवा लावला नाही.
तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
बत्तीस वर्षांत आम्ही या गोष्टीला
कधी नावच ठेवलं नव्हतं.
नाव नसलेलं हरवलं तर
काय म्हणून शोधायचं?

माशेलच्या फार्मसीत काउंटरवर
पुंडलीकाची सून असते. तिला काय विचारणार?
मी सोप्यावर झोपू लागलो. उकाडा, म्हणालो.
जुलैतही उकाडाच म्हणालो.
आणि एका रात्री गोळी घेतली नाही.
दुसऱ्या रात्रीही.

सहाव्या रात्री फळी जाम.
पोट नगाऱ्यासारखं. बांबोळीला नेईपर्यंत
मी कुलदैवतांबरोबर शेजारच्या सायबिणीलाही नवस बोललो.
नळी घातली. पिशवी भरत गेली, भरतच गेली,
आणि मी सुखाने रडलो.

रात्रपाळीची डॉक्टर माझ्या धाकटीच्या वयाची.
गोळी का सोडली?
मी छताकडे बघितलं. सुलक्षा माझ्याकडे.
पोरगीच म्हणाली, शेवटी कोरडं जातं म्हणून?
असं, भाजीचा भाव विचारावा तसं.
मग सांगितलं: गोळीने तोंड सैल पडतं,
लघवी सुटते ती त्यामुळेच,
आणि ते दुसरं पुढे यायच्या ऐवजी मागे वळतं.
अपाय नाही. दुसरी एक गोळी आहे, गाठ आकसवणारी,
पण तिने काहींची इच्छाच मंदावते.
घरी जाऊन ठरवा दोघांनी.

दोघांनी. हा शब्द कुठल्याच चिठ्ठीवर नव्हता.

मी विचारलं, म्हणजे शेतात खारं शिरलं?
डॉक्टरला कळलं नाही.
सुलक्षाला कळलं. म्हणाली,
ते शेत कापून कधीचंच झालंय.

परतताना रिक्षात ती बराच वेळ
खाजणाकडे बघत राहिली. बाणस्तारीच्या पुलावर म्हणाली,
मला वाटलं, माझंच अंग आता नकोसं झालंय तुम्हाला.
पाच महिने वाटत होतं.
रिक्षावाला ओळखीचा. मी तिचा हात धरला नाही.
पिशवी धरली होती तिने माझी, मांडीवर,
टॉवेलखाली.

नळी निघाली. गोळी तीच ठेवली.
सोप्यावरची चटई तिने गुंडाळून
दाराआड उभी केली, न बोलता.

अजून कोरडंच जातं.
अजून शेवटच्या क्षणी चुकल्यासारखं होतं,
नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं.
खोटं कशाला बोलू.
काळोखात ती विचारते, झालं?
मी म्हणतो, झालं असावं.